कौशल्य शिकविणे : उपकार की हक्क?



रमजानचा अखेरचा अशरा चालू होता. मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचा एक लहानसा कारखाना आहे. मी दिवसा शाळेत गणित शिकवीत असे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या कारखान्याचे हिशेब लिहीत असे. मालक हाजी, नमाजी आणि व्यवहाराला चोख. इफ्तारनंतर ते जकातीचा हिशेब घेऊन बसले. बँकेतील शिल्लक, येणे रक्कम, तयार माल असे सारे मांडून झाले, अडीच टक्के काढून झाले आणि मग कोणाला किती द्यावयाचे याची यादी सुरू झाली. पहिले नाव त्यांच्याच कारखान्यातील एका कामगाराचे निघाले. त्याला सगळे मामू म्हणत. चौदा वर्षे तो तेथे राबत होता. "मामूची परिस्थिती फार नाजूक आहे, मास्तर. तीन मुली आहेत. पहिला हक्क त्याचाच," असे हाजीसाहेब म्हणाले, तेव्हा त्यांचे डोळे खरोखरच ओलावले होते.

मला बरे वाटले. मी नाव लिहिले. मग त्याच टेबलावर हजेरीपट उघडला, कारण ईदपूर्वी पगार काढावयाचे होते. किमान वेतनासाठी कामगारांचे तीन वर्ग करतात : कुशल, अर्धकुशल आणि अकुशल. मामूच्या नावापुढे 'अकुशल' असे होते आणि अक्षर माझे होते. नऊ वर्षे दरमहा मीच तो शब्द मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवीत आलो होतो. त्या रात्री प्रथमच पेन थांबले.

मामूचे काम कागदावर मदतनिसाचे. जॉब उचलून देणे, लोखंडाचा कीस झाडणे, कूलंट भरणे. परंतु टूलची धार गेली की टर्नरच्या आधी ते मामूच्या कानाला कळे. शाफ्टवरून अंगठा फिरवून तो सांगे की येथे अजून एक बारीक कट हवा. टर्नर गावी गेला की "मामू, जरा बघ" एवढ्या तीन शब्दांवर मशीन त्याच्या हाती येई आणि माल वेळेवर निघे. त्याला येत नव्हते ते म्हणजे ड्रॉइंग वाचणे आणि व्हर्नियरवरील माप घेणे, आणि ते येत नव्हते कारण कोणी सांगितलेच नव्हते. जुने उस्ताद आटे पाडण्यासाठी गिअर बदलण्याची वेळ आली की त्याला चहा आणावयास पाठवीत. पुढे सीएनसी मशीन आले. कंपनीचा माणूस चार दिवस शिकविण्यासाठी आला. हाजीसाहेबांचा पुतण्या आणि आयटीआय झालेली दोन मुले शिकावयास बसली. मामू दारात उभा राहून म्हणाला, "शेठ, मीही बसू का?" "मामू, तू शिकून काय करणार? आणि हा कीस कोण उचलणार?" हे हसत-हसत म्हटले गेले. मामूही हसला. मीही हसलो होतो, हे येथे लिहून ठेवतो.

आता प्रश्न असा की, एक हात जकात देतो आणि दुसरा हात 'अकुशल' लिहितो, तेव्हा त्या दोन हातांचा हिशेब एकत्र मांडावयाचा की वेगवेगळा? मागे राहिलेल्या कामगाराला शिकविणे ही मालकाची मेहरबानी, की कामगाराचे थकलेले देणे?

उत्तर देण्यापूर्वी 'मागे राहिलेला' या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. तो शब्दच जणू दोष त्या माणसाचा असल्याचे सुचवितो. मामू पिंजारी घराण्यातला. त्याचे आजोबा धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजीत फिरत. त्या तातेचा ताण, कापसाची प्रत, ओल, हे सारे कळण्यास वर्षे लागत. ते अकुशल नव्हते. कापूस पिंजण्याची यंत्रे आली, नंतर फोमच्या गाद्या आल्या, आणि एका पिढीत त्या हातांची विद्या निरुपयोगी ठरली. नव्या विद्येच्या दाराशी शाळेचा दाखला, ओळख आणि बिनपगारी शिकण्याची ऐपत मागत होते. त्यातले त्यांच्याजवळ काहीच नव्हते. अशा रीतीने कसबी आजोबांचा नातू हजेरीपटावर अकुशल झाला. आपल्या भोवतालच्या किती बिरादऱ्यांची कथा हीच आहे! 2006 साली न्यायमूर्ती सच्चर समितीने जे मांडले ते यापेक्षा वेगळे नव्हते : मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि असंघटित कामांत, तर नियमित पगाराच्या नोकऱ्यांत त्यांचे प्रमाण कमी. तो अहवाल आपण सरकारपुढे अनेकदा ठेवला. तो आपल्या कारखान्यांच्या दारात ठेवून पाहिल्याचे मात्र मला आठवत नाही.

दूरच्या एका देशाने ही गोष्ट उघडपणे कायद्यात लिहिली होती, म्हणून तिचा उल्लेख करतो. आपल्या कोकणातून गेलेली मुस्लिम घराणी केपटाऊनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या त्या दक्षिण आफ्रिकेत खाणीतील सुरुंगाचे प्रमाणपत्र कृष्णवर्णीय आफ्रिकी कामगाराला मिळूच नये, अशी तरतूद 1926 च्या कायद्याने केली. खाणीत खोल उतरून दगड फोडणारे हात बहुतांशी त्यांचेच. प्रमाणपत्र दुसऱ्याचे, पगारही दुसऱ्याचा. ही बंदी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर त्या देशाने 1998 साली कौशल्य विकासाचा कायदा केला आणि पुढे मालकांकडून पगारखर्चाच्या 1 टक्का रक्कम प्रशिक्षणासाठी घेण्यास आरंभ केला. त्यामागील विचार लक्षात घ्या. ज्यांना इतिहासाने शिकू दिले नाही, त्यांना शिकविण्याचा खर्च दानपेटीतून नव्हे, तर त्यांच्या श्रमावर चाललेल्या उद्योगातून यावा. तो कायदा कितपत यशस्वी झाला हा वेगळा विषय आहे.

आपल्या येथे मुलांना मशीनपासून दूर ठेवणारा असा कायदा नव्हता. चहा आणावयास पाठविणे पुरेसे होते.

दिव्य कुरआनात शुऐब (अलै.) आपल्या व्यापारी समाजाला जे बजावतात, ते आपण बहुधा तराजूपुरते वाचतो. माप पुरे द्या, वजन सरळ तराजूने करा, एवढे सांगून आज्ञा थांबत नाही. लोकांच्या वस्तूंत, जे त्यांचे आहे त्यात, घट करू नका, असेही पुढे येते (सूरह अश्-शुअरा : 183). हीच ताकीद सूरह अल्-आराफ आणि सूरह हूद यांतही आहे. येथे धान्य किंवा कापड असा शब्द नाही. शब्द व्यापक आहे, आणि माणसाजवळ त्याच्या हातातील कसबाहून अधिक स्वतःची अशी वस्तू कोणती? ज्याचा कान टूलची धार ओळखतो त्याला अकुशल लिहिणे हे मापात मारणेच आहे. येथे तराजूची जागा हजेरीपटाने घेतली आहे.

म्हणून पहिले कर्तव्य शिकविण्याच्याही आधीचे आहे : त्याला काय येते ते मान्य करणे. शासनाच्या योजनांत आता पूर्वी मिळविलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. सोय चांगली. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर लागले, आणि काम तेच, पगार तोच राहिला, तर त्या कागदाने मामूच्या घरात एक भाकरीही वाढणार नाही.

आता शिकविण्याकडे वळू. माननीय अबू जर (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सर्वोत्तम कर्म कोणते असे विचारले. श्रद्धा आणि अल्लाहच्या मार्गातील प्रयत्न यांच्यानंतर गुलाम मुक्त करण्याचा विषय निघाला. ते जमले नाही तर? तर कारागिराला साहाय्य करावे किंवा ज्याला काम करता येत नाही त्याच्यासाठी ते करून द्यावे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. (काही पाठांत 'कारागीर' या शब्दाच्या जागी 'हालअपेष्टांत सापडलेला' असा अर्थ देणारा शब्द आहे. अरबी लिपीत दोन्ही शब्द दिसावयास फार जवळचे आहेत.) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. तिच्यातील क्रम मला विलक्षण वाटतो. गुलामाची मान सोडविणे, आणि लगेच त्याच्या खालोखाल हातांच्या कामातील मदत! ज्याची मान सुटली पण हात रिकामे राहिले, तो पुन्हा कोणाच्या तरी दाराशी बांधला जातो, हे अबू जर (रजि.) यांच्या काळातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बद्रच्या लढाईनंतरची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. कैद्यांची खंडणी हजार ते चार हजार दिरहमपर्यंत होती. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता पण लिहिता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहावयास शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. या घटनेवरून आपण शिक्षणाचे महत्त्व सांगतो आणि पुढे जातो. परंतु थोडे थांबून पाहा. ज्या समाजाने नुकतीच हिजरत सोसली होती, ज्याला रोख रकमेची निकड होती, त्याने रोकड सोडून विद्या घेतली, तीही शत्रूच्या हातून. शिकविणाऱ्याने मोबदल्यात आपली सुटका मिळविली, म्हणून शिकणाऱ्यावर कोणाचा उपकारही चढला नाही. मुले कोणाची मिंधी झाली नाहीत.

तथापि या विषयात मला सर्वांत जवळची वाटते ती कुऱ्हाडीची हदीस. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात माननीय अनस (रजि.) यांच्या कथनाने आली आहे. एक अन्सारी गृहस्थ मागावयास आला. प्रेषित (स.) यांनी त्याला काहीच दिले नाही. घरात काय आहे, असे विचारले. अर्धे पांघरावयाचे आणि अर्धे अंथरावयाचे असे एक जाडेभरडे कापड आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढाच संसार. दोन्ही वस्तू मागविल्या आणि स्वतः हातात घेऊन लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम म्हटले. कोणी अधिक देईल काय, असे दोन-तीनदा विचारल्यावर दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी द्यावे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणावी, असे सांगितले. कुऱ्हाड आल्यावर तिला दांडा आपल्या पवित्र हातांनी बसविला, आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे बजावून पाठविले. तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

वाचकहो, आजच्या कोणत्याही प्रशिक्षण केंद्राला पुरेल इतके या प्रसंगात आहे. आरंभ त्याच्याजवळ काय नाही येथून झाला नाही, काय आहे येथून झाला. एका दिरहमवर समाधान न मानता प्रेषितांनी (स.) पुन्हा बोली पुकारली, कारण गरिबाची वस्तू म्हणून ती कमी भावात जाऊ द्यावयाची नव्हती. पहिला दिरहम घरच्या अन्नासाठी होता, हे तर आपण वाचून विसरतो. शिकणाऱ्याची चूल त्या काळात पेटत राहिली पाहिजे, नाही तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. मामूसारख्याला "ये, बिनपगारी शीक" असे म्हणणे म्हणजे येऊ नकोस असे म्हणणेच होय. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज 500 रुपये ठेवले आहेत ते यासाठीच. खाजगी कारखान्यातही जो वेळ शिकण्यात जाईल तो कामाचाच वेळ धरला जावा. मग तो दांडा. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) कोणाला तरी दांडा बसवून देण्यास सांगितले असते तरी चालले असते, परंतु तो त्यांनी स्वतः बसविला. आणि शेवटी पंधरा दिवसांची मुदत, तीही हिशेब घेण्यासाठी. केवळ छायाचित्र काढून प्रमाणपत्र वाटणे येथे नाही. माणूस पंधरा दिवसांनी काय घेऊन आला, हे पाहण्यासाठी शिकविणारा तेथे हजर होता.

येथे माझे कारखानदार मित्र मला अडवितील, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. "मास्तर, आम्ही शिकवितो आणि माणूस सहा महिन्यांत हजार रुपयांसाठी शेजारच्या शेडमध्ये जातो. मोठ्या कंपन्यांना हे परवडते. आमच्याकडे पाच माणसे. एक गेला की मशीन बंद." ही भीती खरी आहे. तिला लोभ म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. परंतु भीतीवरचा उपाय माणसाला अडाणी ठेवणे हा कसा असू शकेल? सूरह अल्-कसस (27) मध्ये मदयनच्या एका वृद्धाने मूसा (अलै.) यांच्याशी केलेला करार आहे. कुरआनात त्या वृद्धाचे नाव नाही, अनेक भाष्यकार ते शुऐब (अलै.) असल्याचे मानतात. आठ वर्षे काम, दहा पुरी केलीत तर ती तुमच्या खुशीने, आणि मला तुम्हाला कष्टात टाकावयाचे नाही, असा त्या कराराचा आशय. यात सारे आले : मुदत आधी ठरलेली, वाढविण्याचा अधिकार काम करणाऱ्याकडे, आणि मालकाच्या बाजूने सक्ती न करण्याचे वचन. शिकविल्यानंतर दोन वर्षे राहावे, असा उघड आणि वाजवी करार करण्यास कोण नको म्हणतो? माणूस बोलीने बांधता येतो. त्याला अज्ञानाने बांधून ठेवणे ही गोष्ट निराळी.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. जो चटकन शिकेल त्या आयटीआयच्या मुलाला बाजूस सारून मामूला प्रथम बसविणे, हा त्या मुलावर अन्याय नाही काय? माझे मत असे की खुर्च्या तीनच होत्या, हे गृहीत धरूनच आपण भांडतो. चौथी खुर्ची टाकण्यास काही खर्च नव्हता. आणि जेथे खरोखर एकच जागा असेल, तेथे जो आजवर रांगेतून हटविला गेला त्याचा विचार आधी व्हावा, मात्र दयेने नव्हे. मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र उसामा (रजि.) यांना ऐन तारुण्यात सेनापती नेमले गेले तेव्हा काही जण कुरकुरले. प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले की, तुम्ही याच्या पित्याच्या नेमणुकीवरही असेच बोलला होता, तो योग्य होता आणि हाही योग्य आहे. बिचाऱ्याला संधी द्या, असा सूर तेथे कोठेच नाही. लायकीवरच बोट ठेवले आहे. आपल्या संस्था जेव्हा 'गरीब मुस्लिम युवकांसाठी' म्हणून पाच दिवसांचा वर्ग घेतात आणि जुनाट मशीनवर शिकवितात, तेव्हा त्या उसामांच्या (रजि.) पित्याचा नव्हे, तर कुरकुरणाऱ्यांचा वारसा चालवीत असतात.

माता-भगिनींनो, हा विषय केवळ लेथचा नाही. घरात बसून जरीकाम करणारी, नगावर शिलाई करणारी बाई दलालाच्या वहीत काय म्हणून लिहिली जाते? आणि जी मुलगी आयटीआयचा अर्ज आणते, तिला "हे आपल्यातल्या मुलींचे काम नाही" असे सांगून परत पाठविणारे दार आपल्याच घराचे असते. तेथेही कोणी तरी हसत असते.

आणि शिकविले तर त्याची आठवण करून देत राहू नये. उपकार जतावून आणि मन दुखवून दान वाया घालवू नका, असे सूरह अल्-बकरह (264) मध्ये श्रद्धावंतांना सांगितले आहे. जे दानाबद्दल आहे ते देण्याबद्दल तर अधिकच लागू होते. "याला मीच माणूस केले" हे वाक्य आपल्या उस्तादांच्या तोंडी फार असते.

त्या रमजानच्या रात्रीकडे परत येतो. मी हाजीसाहेबांना एकच गोष्ट विचारली : "मजुरीचे जे देणे राहिले असेल, ते जकातीतून दिले तर जकात अदा होते काय?" ते त्वरित म्हणाले, "छे! मजुरी वेगळी, जकात वेगळी. कोणताही आलिम हेच सांगेल." मग त्यांनी माझ्यासमोरच्या हजेरीपटाकडे पाहिले. इशाच्या अजानपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

ईदनंतर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतरचा एक तास, पगारी, मामूसाठी ठरला. व्हर्नियर मीच शिकविले. गणिताच्या शिक्षकाने नऊ वर्षांनी त्याला दशांशचिन्ह दाखविले. पहिल्या दिवशी त्याने शाफ्टचे माप घेतले, बराच वेळ रेघांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, म्हणजे माझ्या अंगठ्याला जे कळायचे त्याला आकडा आहे तर." सीएनसीवर तो आता ऑफसेट टाकतो. हजेरीपटात त्याच्यापुढे 'अर्धकुशल' असे मी लिहिले आहे. 'कुशल' लिहिण्यास हाजीसाहेब अजून तयार नाहीत.

ज्या महिन्यांत टर्नरच्या जागी मामूने मशीन चालविले, त्या महिन्यांच्या वेतनातील फरकही मी काढून दिला. तो आकडा यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेल्या जकातीच्या कितीतरी पट निघाला. हाजीसाहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला. अर्धी रक्कम त्यांनी पुढच्या बकरी ईदला दिली. कागद अजून तेथेच आहे.